गटाचा प्रोजेक्ट, तुटके नेट आणि गिटच्या कमांड

भंडारा, साकोली, तुमसरकडच्या विद्यार्थ्यांचे आणि नुकतेच नागपूर-पुण्याला नोकरीला लागलेल्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. गिट आणि गिटहब एकच ना? पासवर्ड बरोबर टाकला तरी पुश का होत नाही? लॅबच्या संगणकावरून कमिट केले, मग नाव भलत्याच मुलीचे कसे दिसते? मित्राने माझी फाइल उडवली, आता काय? आणि शेवटी: हे सगळे त्या काळ्या खिडकीत टाइप करूनच कशाला करायचे, वेबसाइटवर फाइल चढवून चालत नाही का?

चालते, पण वेबसाइटवरून चढवताना एक फाइल २५ एमबीपेक्षा मोठी चालत नाही, आणि चढवता चढवता रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कमांडने काम करणाऱ्याला दिवसभर नेट लागतच नाही. आपल्या भागात कमांड शिकण्याचे हे सर्वात मोठे कारण आहे असे मला वाटते. नोकरीच्या मुलाखतीत उपयोग होतो, हे त्यानंतरचे.

उदाहरणासाठी समजा, तुम्ही चौघे मिळून जिल्ह्यातल्या माजी मालगुजारी तलावांची नोंद ठेवणारे छोटे ॲप करत आहात. फोल्डरचे नाव ‘तलाव’. लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी लहान अक्षरांत, शब्दांमध्ये एक जागा सोडून टाइप करायच्या. ‘डॅश’ आणि ‘डॉट’ हे शब्द नव्हेत, ती चिन्हे; ती पुढच्या शब्दाला जोडूनच टाइप करायची. ‘जीएच’ म्हणजे फक्त ती दोन अक्षरे.

आधी तीन नावे वेगळी करा

गिट हे तुमच्या स्वतःच्या संगणकावर चालणारे साधन. लिनक्स कर्नलचे काम ज्या बिटकीपर नावाच्या साधनावर चालायचे त्याचा फुकट वापर बंद झाला, म्हणून लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले. जगभर विखुरलेल्या माणसांनी एकमेकांची वाट न पाहता काम करावे, यासाठी ते बनले. म्हणूनच गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासासकट प्रत असते. गिटहब ही २००८ मध्ये सुरू झालेली आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेली वेबसेवा. या प्रती तिथे एकत्र येतात. तिसरे जीएच. हे गिटहबचे स्वतःचे कमांड-साधन, त्याची पहिली पक्की आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये आली. रेपो (प्रोजेक्ट आणि त्याचा इतिहास यांचा साठा) बनवणे, पुल रिक्वेस्ट (आपले बदल जोडून घ्या अशी विनंती) उघडणे, इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) पाहणे अशी एरवी वेबसाइटवर जाऊन करायची कामे त्याने टर्मिनलमधूनच, म्हणजे त्या काळ्या खिडकीतूनच होतात.

हा फरक रोज उपयोगी पडतो. कमिट करणे (बदलांची नोंद करणे), जुनी आवृत्ती पाहणे, ब्रांच (कामाची वेगळी शाखा) काढणे, दोन ब्रांच जोडणे (मर्ज) यांना नेट लागत नाही. गिटहबवरचे क्लोन (पूर्ण प्रत उतरवणे), फेच व पुल (इतरांचे बदल आणणे) आणि पुश (आपले बदल पाठवणे) यांना लागते, आणि जीएचच्या जवळपास प्रत्येक कमांडला लागते.

गिटहब म्हणजेच सर्व काही, असे धरून चालणाऱ्यांनी एक प्रसंग लक्षात ठेवावा. डिसेंबर २०१४ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ३२ संकेतस्थळे बंद करायला सांगितली. मागणी महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाकडून आलेली होती आणि यादीत गिटहबही होते. बंदी पुढे उठली. पण त्या काळात ज्यांचे काम फक्त वेबसाइटवर होते ते अडकले; ज्यांच्याकडे क्लोन होता त्यांचे काम चालू राहिले.

तुम्हाला नेमके काय हवे?

- एकट्याचा छोटा प्रोजेक्ट असेल तर नुसते गिट पुरे. गिटहबवर रेपो एकदाच बनवायचा असतो, तो वेबसाइटवरून बनवा.
- तीन-चार जणांचा गट असेल तर गिट आणि जीएच दोन्ही घ्या.
- टाइप करायची धास्ती वाटत असेल तर गिटहब डेस्कटॉप या बटणांच्या ॲपने सुरुवात करा. त्यात कमीपणा नाही. फक्त काही बिघडले की दुरुस्तीचे उपाय बहुधा कमांडमध्येच सांगितलेले सापडतात, म्हणून दहा-बारा कमांड तरी माहीत असू द्या.
- लॅबच्या संगणकावर काही इन्स्टॉल करू देत नसतील तर विंडोजसाठी गिटची पोर्टेबल आवृत्ती मिळते. ती पेनड्राइव्हवरून चालते. तरी लॅब सांभाळणाऱ्या सरांना आधी विचारा.
- लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे टर्मिनल-ॲप टाका. ते एफ-ड्रॉइड या ॲप-भांडारावरून घ्यावे. त्यात गिट आणि जीएच दोन्ही चालतात. मोठे काम फोनवर जमणार नाही, पण सराव नक्की होतो.

कंपनीत गिटहबऐवजी गिटलॅब असले तरी बिचकू नका. गिटच्या कमांड त्याच राहतात. फक्त जीएचच्या जागी ‘जीलॅब’ नावाचे साधन येते.

लॉगिन: सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात

गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून पुश-पुलसाठी खात्याचा पासवर्ड घेणे बंद केले. त्यामुळे तुमचा पासवर्ड अगदी बरोबर असला तरी टर्मिनल तो नाकारणारच. जुने व्हिडिओ आणि झेरॉक्स नोट्स यांत अजूनही पासवर्ड टाका असेच सांगितलेले असते, घोळ तिथून सुरू होतो.

सोपा मार्ग असा. ‘जीएच ऑथ लॉगिन’ टाइप करा. ते काही प्रश्न विचारते. गिटहब डॉट कॉम, एचटीटीपीएस आणि ब्राउझरने लॉगिन असे पर्याय निवडा. पडद्यावर आठ अक्षरांचा एक कोड येतो. तो ब्राउझरमध्ये भरायचा, आणि ब्राउझर त्याच संगणकावरचा असला पाहिजे असे नाही, फोनवरचाही चालतो. सार्वजनिक संगणकावर तर फोनच वापरा, म्हणजे तिथे पासवर्ड टाइप करावाच लागत नाही.

जीएच नको असेल तर गिटहबच्या सेटिंगमधून टोकन काढून ते पासवर्डच्या जागी वापरता येते. टोकन एकदाच दिसते. त्याला मुदत घाला, आणि एका रेपोपुरतेच हवे असेल तर तेवढाच अधिकार द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर टोकन टाकणे म्हणजे त्या रेपोची किल्ली ग्रुपमधल्या सगळ्यांच्या हातात देणे. गटातल्या प्रत्येकाने स्वतःचे खाते काढावे. एकाच खात्यावर चौघांनी काम केले तर कोणी काय केले, हे नंतर कोणालाच सिद्ध करता येत नाही.

कोड लिहिणाऱ्या खात्यांना गिटहबने २०२३ पासून टप्प्याटप्प्याने दुहेरी पडताळणी सक्तीची केली. ती लावताना जे रिकव्हरी कोड मिळतात ते कागदावर उतरवून घरी ठेवा. फोन हरवल्यावर खाते परत मिळवायला तेच कामी येतात.

लॅबच्या संगणकावर नाव कोणाचे लागते?

कमिटवर नाव तुम्ही ज्या खात्याने लॉगिन केले त्याचे येत नाही. गिटमध्ये जे नाव आणि ईमेल भरलेले असते तेच लागते. आधीच्या बॅचमधल्या एखाद्या मुलीने ‘ग्लोबल’ सेटिंग करून ठेवले असेल, तर तुमचे सगळे काम तिच्या नावावर जमा होते. म्हणून सामायिक संगणकावर आपल्या फोल्डरमध्ये जाऊन ‘गिट कॉन्फिग यूझर डॉट नेम’ आणि ‘गिट कॉन्फिग यूझर डॉट ईमेल’ या दोन कमांडनी आपली माहिती भरा. ‘डॅश डॅश ग्लोबल’ लावू नका, म्हणजे ती त्या फोल्डरपुरतीच राहील.

हे ईमेल सार्वजनिक रेपोत जगाला दिसते. नको असेल तर गिटहबच्या ईमेल सेटिंगमध्ये पत्ता खासगी ठेवण्याची सोय आहे. तिथे मिळणारा ‘नोरिप्लाय’ पत्ता कॉन्फिगमध्ये भरा.

उठून जाताना ‘जीएच ऑथ लॉगआउट’ करा. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये गिटहबची नोंद राहिली असेल तर तीही पुसा, नाहीतर पुढचा माणूस तुमच्या खात्यावरून पुश करू शकतो. लॉगआउटने त्या संगणकावरची नोंद जाते, पण गिटहबकडे दिलेली परवानगी शिल्लक राहते. शंका असेल तर खात्याच्या सेटिंगमधून ती परवानगीच रद्द करा.

गटात काम करण्याचा क्रम

पहिल्या दिवशी एकाच सदस्याने ‘तलाव’ फोल्डरमध्ये ‘गिट इनिट’ करून पहिले कमिट करावे आणि ‘जीएच रेपो क्रिएट’ चालवावे. ते विचारेल त्यात ‘प्रायव्हेट’ निवडा. २०२० पासून फुकट खात्यावरही खासगी रेपोत हवे तितके सहकारी घेता येतात, तेव्हा पैशासाठी रेपो उघडा ठेवायची गरज नाही. बाकीच्यांना वेबसाइटवरच्या सेटिंगमधून आमंत्रण पाठवा. त्यांनी ते स्वीकारून ‘जीएच रेपो क्लोन’ करावे.

त्यानंतर रोज:

1. कामाला बसताना ‘गिट पुल’. दुसऱ्यांनी काल केलेले आधी घ्या.
2. नव्या कामासाठी वेगळी ब्रांच: ‘गिट स्विच डॅश सी’ आणि पुढे ब्रांचचे नाव, उदाहरणार्थ ‘नकाशा’. जुन्या पुस्तकांत इथे ‘चेकआउट’ दिसेल, तेही चालते.
3. काम करा. मधून मधून ‘गिट स्टेटस’ आणि ‘गिट डिफ’ पाहा.
4. ‘गिट ॲड’ करताना फाइलींची नावे द्या. सवयीने टिंब देऊन सगळेच उचलू नका.
5. ‘गिट कमिट डॅश एम’ आणि अवतरणात संदेश. ‘बदल केले’ हा संदेश नव्हे. ‘पवनी तालुक्याच्या यादीतील दुहेरी नोंदी काढल्या’ हा संदेश. मराठीत लिहिला तरी गिटला काही अडत नाही.
6. नेट मिळाले की ‘गिट पुश डॅश यू ओरिजिन’ आणि ब्रांचचे नाव.
7. ‘जीएच पीआर क्रिएट’. पुल रिक्वेस्ट उघडली की तिला क्रमांक मिळतो.
8. दुसऱ्या सदस्याने ‘जीएच पीआर चेकआउट’ आणि तो क्रमांक देऊन ते काम आपल्या संगणकावर चालवून पाहावे. ठीक असेल तर ‘जीएच पीआर मर्ज’.

आठवी पायरी सगळे गाळतात. नुसते वेबसाइटवर पाहून ‘छान’ म्हणायचे आणि मर्ज करायचे. मग सादरीकरणाच्या दिवशी ॲप उघडत नाही. प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय मर्ज नाही, एवढा एक नियम चौघांनी पाळा.

चालवून पाहिले की नाही ते गिटहबला कळत नाही, पण पुल रिक्वेस्ट गाळू न देणे त्याला जमते. मुख्य ब्रांचवर थेट पुश होणार नाही अशी सोय आहे, पण फुकट खात्यावर ती सार्वजनिक रेपोपुरतीच मिळते. विद्यार्थ्यांनी गिटहब एज्युकेशनकडे कॉलेजचे ओळखपत्र दाखवून अर्ज करावा. मंजूर झाला की खासगी रेपोलाही ती लावता येते.

नेट तुटके असेल तेव्हा

मोठ्या रेपोचे क्लोन अर्ध्यावर तुटले की ते तिथून पुढे सुरू होत नाही. सगळे पहिल्यापासून उतरवावे लागते. हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा यातच संपतो. उपाय म्हणजे ‘गिट क्लोन डॅश डॅश डेप्थ १’. यात फक्त शेवटची आवृत्ती येते, इतिहास येत नाही. पुढे चांगले नेट मिळाले की ‘गिट फेच डॅश डॅश अनशॅलो’ करून बाकीचा इतिहास घ्या.

नेट अजिबात नसेल तरी गटाचे काम थांबवू नका. ‘गिट बंडल क्रिएट’, पुढे एका फाइलचे नाव आणि ‘डॅश डॅश ऑल’ असे दिले की सगळ्या ब्रांच आणि सगळा इतिहास एका फाइलमध्ये बांधला जातो. ती पेनड्राइव्हवर घ्या. मित्राने ‘गिट क्लोन’पुढे तीच फाइल दिली की त्याच्याकडे पूर्ण रेपो तयार. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘एकदम फायनल’ अशा झिप फाइली पाठवण्यापेक्षा हे कितीतरी बरे, कारण झिपमध्ये कोणी कधी काय बदलले ते कळत नाही. लॅबमध्ये आतले नेटवर्क असेल तर एका संगणकावर ‘गिट इनिट डॅश डॅश बेअर’ करून सामायिक फोल्डरमध्ये रेपो ठेवता येतो आणि चौघे तिथे पुश-पुल करू शकतात. गिटहबची त्यात गरज नाही.

गिटहबखेरीज दुसऱ्या ठिकाणीही प्रत ठेवावी. ‘गिट रिमोट ॲड’ने गिटलॅब किंवा कोडबर्गसारख्या सेवेवरचा दुसरा पत्ता जोडा आणि आठवड्यातून एकदा तिथेही पुश करा.

मराठी फाइलींच्या अडचणी

फाइलीचे नाव ‘तलाव-यादी’ असे देवनागरीत ठेवले की ‘गिट स्टेटस’मध्ये नावाऐवजी उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे दिसतात. फाइल बिघडलेली नसते. ‘गिट कॉन्फिग कोअर डॉट कोटपाथ फॉल्स’ करा, नाव नीट दिसेल. मजकुराचे वेगळे: कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी रेपोत टाकली तर दोन आवृत्त्यांतला फरक वाचताच येत नाही. आधी युनिकोडमध्ये बदला, यूटीएफ-८ मध्ये साठवा, मग कमिट करा. तलाठ्याकडून किंवा जिल्हा परिषदेतून मिळालेल्या जुन्या याद्यांना हे बहुतेक वेळा करावे लागते.

हमखास फसायच्या जागा

- मोठी फाइल. १०० एमबीवरची फाइल गिटहब नाकारते, आणि तिच्याबरोबरचा सगळा पुश अडतो. पुढच्या कमिटमध्ये ती पुसून उपयोग नाही, कारण इतिहासात ती राहतेच. नुकतेच केलेले कमिट असेल तर ‘गिट आरएम डॅश डॅश कॅश्ड’ने फाइल काढून ‘गिट कमिट डॅश डॅश अमेंड’ करा.
- उशिरा लिहिलेली गिटइग्नोर, म्हणजे कोणत्या फाइली वगळायच्या ते गिटला सांगणारी फाइल. जी फाइल आधीच कमिट झाली तिला ती लागू होत नाही. पहिल्याच दिवशी लिहा.
- गुप्त किल्ली रेपोत गेली. नकाशा-सेवेची किल्ली किंवा डेटाबेसचा पासवर्ड सार्वजनिक रेपोत पुश झाला तर आधी ती किल्ली रद्द करून नवी काढा. इतिहास नंतर साफ करा. किल्ल्या शोधणारे प्रोग्राम सार्वजनिक रेपो सतत चाळत असतात. तुम्ही कमिट पुसेपर्यंत थांबत नाहीत.
- ‘फोर्स’ लावून पुश. मित्राची फाइल ‘उडते’ ती बहुधा यानेच. अगदीच गरज असेल तर ‘डॅश डॅश फोर्स-विथ-लीज’ लावा; मधल्या काळात दुसऱ्याने पुश केले असेल तर ते अडवते.
- कॉन्फ्लिक्ट. हा बिघाड नव्हे. एकाच ओळीत दोघांनी बदल केला, कोणाचा ठेवायचा ते गिटला ठरवता येत नाही, एवढाच अर्थ. फाइल उघडा, खुणांमधला योग्य मजकूर ठेवा, खुणा पुसा, ‘ॲड’ आणि ‘कमिट’ करा. दुसऱ्याची ओळ काढण्याआधी त्याला फोन करा.

काम हरवले असे वाटले तर घाबरून फोल्डर पुसू नका, नवे क्लोनही करू नका. ‘गिट रिफ्लॉग’ टाइप करा. तुमच्या प्रतीत आजवर कुठून कुठे गेलात त्याची यादी दिसते आणि हरवलेले कमिट तिथे सापडते. काही आठवडे तरी गिट ते ठेवते. सगळ्यांकडे पोचलेले चुकीचे कमिट मागे घ्यायचे असेल तर ‘गिट रिव्हर्ट’ वापरा, त्याने इतिहास मोडत नाही. ‘गिट रिसेट डॅश डॅश हार्ड’ मात्र दोनदा विचार करून. जे कमिटच केले नव्हते ते रिफ्लॉगही परत देत नाही.

कोड कोणाचा? तुमचे हक्क

कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. लिहिला त्या क्षणी हक्क निर्माण होतो, नोंदणी बंधनकारक नाही. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा ठरतो. तेव्हा कंपनीचा कोड ‘पोर्टफोलिओ’ म्हणून स्वतःच्या खात्यावर टाकू नका, खासगी रेपोतसुद्धा. विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट सहसा विद्यार्थ्याचा असतो. पण कॉलेजने बौद्धिक संपदेचे धोरण केले असेल, किंवा एखाद्या कंपनीने प्रोजेक्ट पुरस्कृत केला असेल, तर तो कागद आधी वाचा.

रेपो सार्वजनिक केला म्हणजे तो सगळ्यांचा झाला, हा मोठा गैरसमज. लायसन्स नसेल तर इतरांना तो गिटहबवर पाहण्याची आणि फोर्क करण्याचीच (गिटहबवरच आपल्या खात्यात प्रत घेण्याचीच) मुभा मिळते, आपल्या कामात वापरण्याची नाही. दुसऱ्यांनी वापरावा असे वाटत असेल तर लायसन्स फाइल ठेवा. नाव राखून काहीही करू द्यायचे असेल तर एमआयटी. पुढे वाटणाऱ्यानेही कोड उघडाच ठेवावा असे वाटत असेल तर जीपीएल. मुंबईच्या एकटाइपने मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली दिले, म्हणून ते तुमच्या ॲपमध्ये न विचारता वापरता येतात. डेटामीट या गटाने गिटहबवर ठेवलेले जिल्ह्यांचे नकाशे घेतलेत तर श्रेय द्यावे लागते. कोणतीही गोष्ट उचलताना तिची लायसन्स फाइल आधी उघडा. तुमचाच कोड कोणी नाव पुसून आपल्या खात्यावर टाकला तर गिटहबकडे कॉपीराइटची तक्रार करून तो उतरवून घेता येतो, आणि तारखांसकट तुमचा कमिट इतिहास तेव्हा पुराव्याच्या कामी येतो.

माणसांची माहिती हा वेगळा विषय. तलावांच्या सर्वेक्षणात मच्छीमार संस्थांच्या सभासदांची नावे, फोन, आधार क्रमांक गोळा झाले असतील तर ते रेपोत जाता कामा नयेत. आधार क्रमांक जाहीर करायला आधार कायद्याचीच मनाई आहे आणि इतर वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. करोनाच्या काळात कोविड१९इंडिया हा स्वयंसेवकांचा उपक्रम गिटहबवरून जिल्हावार आकडे देत होता. ३१ ऑक्टोबर २०२१ ला तो थांबला. जमा झालेले आकडे त्यानंतरही लोकांना वापरता आले. उघडे ठेवायचे ते असे आकडे. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांचे फोन नंबर नव्हेत.

गटाने मिळून लिहिलेल्या कोडवर सगळ्यांचा हक्क असतो आणि लायसन्स लावायला सगळ्यांची संमती लागते. एकजण पुण्यात, एकजण हैदराबादला, एकाचा नंबर बदललेला, अशी स्थिती झाल्यावर ती मिळवणे कठीण जाते. तेव्हा चौघे एका बाकावर बसता आहात तोवरच लायसन्स ठरवा, ती फाइल रेपोत टाका आणि त्या पुल रिक्वेस्टवर ती उघडणाऱ्याखेरीज बाकी तिघांचीही मंजुरी घ्या.